बिननाकाचे चेहरे

दुपारी रंग कालवायला बसली की ती तहानभूक विसरायची. फक्त नवऱ्याचं चित्र काही पुरं होत नव्हतं. त्याचं बूड एका जागी टेकेल तर शपथ!

"हलू नका हो! नाक राहिलंय अजून," ती करवादायची.

"ते कुठे पळून जातंय?" म्हणत स्वारी पसार. घरभर त्याचे बिननाकाचे चेहरे टांगलेले.

मग एक दिवस त्याच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी खुर्चीत बसवलं की संध्याकाळपर्यंत तो तस्साच.

आज चित्र पुरं झालं, नाकासकट, अगदी हुबेहूब. तिने ते त्याच्या डोळ्यांपुढे धरलं आणि हळूच म्हणाली,



"झालं हो. आता हला ना जरा."