दहा अंश

काचेसारखी घडण असलेल्या धातूची पावडर भट्टीत तापवून, साच्यात दाबून केलेला मणका निवला, तसा शेवंताताईंनी तो साच्यातून काढला.

"द्या लवकर," इंजिनिअर वाघमोडे म्हणाला. मणका त्याच्याच आईच्या पाठीत बसवायचा होता आणि तिकडे इस्पितळात तिला भूल दिलेली होती. "मापं बरोबर आहेत. पडद्यावर हिरवं आलंय."

मडकं वाजवून घ्यावं तशी ताईंनी मणक्याला टिचकी मारली. चांगला मणका बराच वेळ घुमत राहतो. हा लगेच गप्प झाला.

"मी जेवायला गेले तेव्हा आच वाढवलीत, साहेब?"

"दहाच अंश. पंधरा मिनिटं वाचली."

"तेवढ्यात हा धातू तुपासारखा रवा धरतो. मग तो ठिसूळ होतो."

"ताई, पावडर एकाच मणक्यापुरती उरलीय!"

"मग सोडा हा फरशीवर. चांगला असेल तर उसळेल."

वाघमोडेने मणका मुठीत घट्ट धरला. मग बोटं सोडली.

फरशीवर तीन तुकडे झाले.

ताई उरलेली पावडर साच्यात भरू लागल्या. वाघमोडेने फोन लावला. "डॉक्टर, आईला अजून तासभर सांभाळा," एवढंच तो म्हणाला, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून भट्टीच्या बटणापासून लांब जाऊन उभा राहिला.