गवती चहा

वणव्याच्या भीतीने होळीआधी कुंपणालगतचं गवत काढायचं, हा म्हसरूळच्या डोंगराखालच्या सोसायटीचा नियम. त्यापायी सेक्रेटरी डेर्लेभाऊंनी कुमुदताईंच्या नवऱ्याने लावलेला गवती चहाही मुळासकट उपटून नेला. नवरा जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. कुमुदताईंनी त्या दिवसापासून भाऊंशी बोलणंच टाकलं. काल दुपारी डोंगरावरून वणवा सरसरत खाली आला आणि कुंपणालगतच्या उघड्या मातीपाशी विझला. घराला साधी झळ लागली नाही. आज सकाळी त्या आभार मानायला भाऊंच्या ओट्यावर गेल्या. “बसा, वहिनी. चहा घ्या,” भाऊ म्हणाले. पहिल्याच घोटाला ओळखीचा वास आला. कप हातातच थांबला. भाऊंनी कोपऱ्यातल्या कुंड्या दाखवल्या. “दादांनी लावलेले ठोंब, फेकवले नाहीत. पाऊस लागला की घेऊन जा.” “एक इथेच राहू द्या,” कुमुदताई म्हणाल्या. “मी येत जाईन चहाला.”