सात नंबरचे पॉइंट

नंदकिशोरचा आणखी एक शॉट रिंगला न लागताच बोर्डावरून पलीकडे गेला आणि चेंडू भिंतीमागच्या चहाच्या टपरीवर आदळला. प्रेक्षक खो खो हसले. राज्य बास्केटबॉल स्पर्धेची फायनल होती. जयपूरच्या एका तारांच्या कारखान्याची टीम आपल्याच मैदानावर चौदा पॉइंटांनी मागे पडली होती.

चूक नंदकिशोरची नव्हती, उमाकांतची होती. उमाकांत मूळचा सांगलीचा. टीममध्ये सर्वांत उंच आणि सर्वांत जास्त बास्केट करणारा, खेळाच्या जोरावर इथे नोकरीला लागलेला. पेपरात फोटो यायचा तो त्याचाच. आज सकाळी त्यानंच नंदकिशोरच्या नकळत सगळ्यांना बजावलं होतं, की मिळेल तो चेंडू नंदूला द्यायचा. कारखाना आता निम्मेच खेळाडू नोकरीत ठेवणार होता आणि कोणाला ठेवायचं ते नवे मॅनेजर भंडारी साहेब आजच्या मॅचनंतर ठरवणार होते. साहेबांना खेळातलं फारसं कळत नव्हतं. ते फक्त पॉइंट बघायचे. आणि सात नंबरच्या नंदकिशोरच्या नावावर अख्ख्या स्पर्धेत एकही पॉइंट नव्हता. घरात म्हातारी आई, बायको, तान्हं मूल आणि कमावणारा हा एकटा.

पॉइंट असणार तरी कुठून? नंदकिशोर शॉट मारायचाच नाही, पास द्यायचा. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, बाजाराच्या गर्दीतून सायकल काढत तो लहानाचा मोठा झाला होता. फट कुठे पडणार हे त्याला ती पडायच्या आधीच दिसायचं. उमाकांत नुसता हात पुढे करून उभा राहायचा, की चेंडू आपोआप तळहातात. 'आपोआप' हे अर्थात उमाकांतचं मत.

टीमचे कोच आनंदराव साताऱ्याकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि जयपुरातच रमले. त्यांनी टीमला पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावली होती. बास्केट करणाऱ्यानं परत फिरताना, पास ज्यानं दिला त्याच्याकडे बघून हात वर करायचा. सगळे करायचे. पेपरात फोटो येऊ लागल्यापासून उमाकांतचा हात मात्र काही वर जात नव्हता. आनंदरावांना ते दिसायचं, पण ते बोलायचे नाहीत. गोळीला न भ्यालेला हा माणूस मोठ्या साहेबांपुढे आणि मोठ्या खेळाडूपुढे उगाच नमतं घ्यायचा.

मध्यंतर झालं. नंदकिशोरनं पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला आणि तो उमाकांतसमोर येऊन उभा राहिला.

"भाईसाब, दया कर रहे हो मुझ पर?"

"अरे, तेरी नौकरी का सवाल है!"

"मेरी नौकरी पास देने की है. वो तो करने दो."

उमाकांतला जयपुरातला आपला पहिला हिवाळा आठवला. खोली मिळत नव्हती, तेव्हा हाच त्याला आपल्या घरी घेऊन गेला होता. याच्या आईनं बाजरीच्या गरम रोटीवर तूप-गूळ घालून वाढलं होतं, आणि घरातली एकुलती एक जाड रजाई या लांबलचक पाहुण्याला दिली होती. पाय बाहेर राहतात म्हणून ती माउली हसलीही होती. नंतर मैदानावर किती चेंडू यानं हातात आणून दिले, त्याची गणतीच नाही. आणि आपल्याच्यानं साधा हात वर करवला नाही. आज निघालो होतो याच्यावर उपकार करायला! उमाकांतला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तो आनंदरावांकडे वळला. "सर, नेहमीसारखं खेळू का?"

"बरंच लवकर विचारलंस की!" आनंदराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि हाताचं काय?"

"वर जाईल, सर."

गेला. उत्तरार्धात पहिल्या बास्केटला गेला, दुसऱ्या बास्केटला गेला, मग जातच राहिला. नंदकिशोरचे पास कुणाच्या काखेखालून, कुणाच्या डोक्यावरून सुटत होते आणि ज्याच्यासाठी निघाले त्याच्या हातात पडत होते. चौदाचा फरक वितळत वितळत एकावर आला. एकोणसाठ-साठ.

शेवटचे काही क्षण उरले होते. चेंडू घेऊन नंदकिशोर रिंगखाली घुसला. समोरचे दोन धिप्पाड खेळाडू त्याच्यावर झेपावले. बाकावरची मुलं न राहवून ओरडली, "मार! मार!" त्यानं एकदा रिंगकडे पाहिलं. शॉट लागला असता तर त्याची नोकरी तिथेच पक्की झाली असती.

त्यानं पाठीमागून चेंडू सोडला. कोपऱ्यात उमाकांत मोकळा होता. चेंडू त्याच्या तळहातात आला आणि तिथून जाळीत गेला.

एकसष्ट-साठ. शिट्टी झाली. टीम जिंकली.

उमाकांतनं आधी हात वर केला, तोही नंदकिशोरकडे बघून, दोन्ही हात. मग मैदानातल्या सगळ्यांनी केले, बाकावरच्यांनीही केले. प्रेक्षकांना कारण कळलं नाही, तरी त्यांच्यातल्याही कितीतरी जणांनी केले. नंदकिशोर एकटा हात खाली सोडून उभा होता. कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं.

पुढे कितीतरी वर्षं तो त्याच टीमकडून खेळला. याचं श्रेय कुणी उमाकांतला देऊ लागलं, की तो हात जोडून म्हणायचा, ते आनंदरावांचं.

त्या दिवशी बक्षीस देऊन झाल्यावर भंडारी साहेब आनंदरावांपाशी आले होते. "सूबेदार साहब, वो सात नंबर. उसके आज कितने पॉइंट हुए?"

आनंदरावांनी टाचा जुळवल्या, मान ताठ केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"इकसठ, साहब."