नव्याचा दिवस

"उठा! आत्ताच्या आत्ता भावाकडे जा!" ब्रदर मनिष माइकवर ओरडले, आणि पांड्या खरोखरच उठला.

मांडवात दीड-दोनशे माणसं होती. ख्रिस्ती मंडळीच्या उज्जीवन सभेचा तिसरा, शेवटचा दिवस, रविवार. डहाणूहून आलेले ब्रदर मनिष घसा बसेपर्यंत सांगत होते, की भावाशी अबोला धरून देवाला अर्पण देऊ नका. ते तिथंच ठेवा, आधी जाऊन गोडी करा. आता त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की लोकांनी हात वर करावेत, डोळे मिटावेत आणि मनातल्या मनात जावं. सगळीकडे तसंच करतात. पांड्यानं मात्र अर्पणासाठी आणलेला दुधी पुढं नेऊन ठेवला, ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि तो निघाला.

बायकोनं, रूपीनं, त्याचा सदरा धरला. "कुठं चाललास? प्रार्थना बाकी हाय."

"दादाकडं. ते सांगतात ना."

"अरे, ते असंच सांगतात!"

"देवाच्या नावानं असंच कसं सांगतील?" पांड्या म्हणाला. ब्रदरांनी घाईघाईनं गाणं सुरू करायला लावलं.

दादा म्हणजे सुक्या, टेकडीपलीकडच्या पाड्यावरचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर त्यानंच पांड्याला वाढवलं, त्याचं लग्न लावलं. चार वर्षांपूर्वी पांड्या प्रभूकडे आला, आणि नवा माणूस जरा जास्तच कडक असतो. त्याच साली नव्याच्या दिवशी तो दादाकडं जेवायला बसला. नवं म्हणजे शेतातला पहिला भात. घरच्या देवापुढं ठेवल्याशिवाय तो कुणी तोंडात घालत नाही, आणि पहिला घास सगळं घर थोरल्याकडं एकत्र बसून खातं. पांड्यानं भरल्या पंगतीत पान पुढं ढकललं. "देवाला दाखवलेलं मला चालत नाय," असं मोठ्यानं म्हणाला. भात मातीत सांडला. दादानं तो मुकाट्यानं वेचला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलला नाही.

न खाल्ल्याचं पांड्याला वाईट वाटत नव्हतं. ढकललेलं पान मात्र चार वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

ओहोळ ओलांडून तो टेकडी चढला. दादानं दारातूनच हाकललं तर काय करायचं, याचा विचार करत उतरला. पाड्यात शिरला तर प्रत्येक अंगणात माणसं, नव्या तांदळाचा वास आणि पंगती. पोरं कंपनीत कामाला जातात, सुट्टी रविवारची, म्हणून पाड्यानं यंदा नव्याचा दिवस रविवारी धरला होता. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस सोडून पांड्याला नेमका हाच मिळाला.

आता दादा पान वाढणार. खाल्लं तर प्रभूला दिलेला शब्द मोडतो. नाही खाल्लं तर भाऊ कायमचा जातो. परत फिरावं असं त्याला फार वाटलं. पण सांगितलं होतं जायला, फिरायला नाही. तो गेला.

अंगणातली पंगत थबकली. सुक्याचा हात पानावरच थांबला.

"दादा," पांड्या उभ्याउभ्याच म्हणाला, "पान ढकललं ते चुकलं माझं. खायचं नव्हतं तर हात जोडून सांगायचं होतं. अन्न मातीत घालायचं नव्हतं."

सुक्यानं पानावरचा हात मागं घेतला. मग थोडा सरकला. "बस," म्हणाला, आणि बायकोकडे वळला. "काळे, त्याचं आण."

काळी वहिनी आत गेली. पांड्यानं डोळे मिटले आणि काय करू म्हणून प्रभूला विचारलं. उत्तर यायच्या आत पान आलं. वरून दुसरं पान झाकलेलं, आत भात आणि काकडीची भाजी. पांड्याचे हात मांडीवरून उचलेनात.

"खा," सुक्या म्हणाला. "देवापुढं ठेवायच्या आधीच काढलंय. हे तुला चालंल."

पांड्यानं मान खाली घातली आणि सगळ्यांदेखत रडला. केवढा मोठा धोंडा छातीवरून उतरला होता! पहिला घास त्यानं रडतच घेतला. दुसरा घेताना मात्र त्याच्या ध्यानात आलं, की आपण इथं येणार हे तासाभरापूर्वी आपल्यालाही माहीत नव्हतं.

"पण दादा, मी येणार हे तुला कुणी सांगितलं?"

सुक्या खाली बघून भात कालवत राहिला. वहिनीच बोलली.

"कोण सांगणार? दर नव्याला तुझं पान पहिलं काढायला लावतो. सांजपर्यंत झाकून ठेवतो, मंग कोंबड्यांना घालतो."