उस्तिन्यामावशींच्या घरचा केर

उत्तर रशियातल्या खेड्यापाड्यांतून लोककथा गोळा करत हिंडणाऱ्या रिम्माकडे गोष्टीतल्या प्रत्येक घडामोडीचं वेगळं कार्ड होतं. पहिलं, घरातलं माणूस प्रवासाला निघतं. दुसरं, मागे राहिलेल्यांना कसलीतरी मनाई असते. तिसरं, ती मनाई मोडली जाते. चौथं, संकट येतं. शंभर गोष्टी ऐकून झाल्या, पण हा क्रम काही चुकला नव्हता.

दोन दिवसांपासून ती उस्तिन्यामावशींच्या घरी उतरली होती. त्या सकाळी मावशींचा नवरा येफ्रेम नदीवरच्या बर्फावरून पलीकडे गेला होता. बर्फ आता वितळायला लागला होता. मावशी धार काढायला गोठ्यात गेल्या, तेव्हा नुसतं बसवेना म्हणून रिम्माने सगळं घर लख्ख झाडलं आणि केर बाहेर टाकला.

मावशी आल्या त्या दारातच थबकल्या. "अगं बये, हे काय करून बसलीस! गेलेलं माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत घर झाडायचं नसतं. त्याची परतीची वाट पुसली जाते."

"पण मला कुणी सांगितलंच नाही हो, मावशी!"

"तुला मी काय सांगणार? दोन दिवस तूच मला शिकवतेयस, गोष्टीत कशानंतर काय होतं ते." मावशींची नजर खिडकीबाहेर नदीवर खिळली होती. "मग सांग की आता. ह्याच्यापुढे काय होतं?"

रिम्मा तशीच अंगणात धावली आणि गुडघे टेकून बर्फातला केर ओंजळीत भरू लागली. बटाट्याचं एक सालसुद्धा बाहेर ठेवायला ती धजेना.