भूल उतरताना

"बाबा, भूल उतरताना माणूस सगळी गुपितं ओकतो का?" मैत्रिणींच्या पैजेखातर तिनं जेवताना विचारलं. भूलतज्ज्ञ बाबा खूश झाले. "शिरेत दुधासारखं पांढरं औषध सोडलं की दहा आकडे मोजेपर्यंत माणूस गुडूप. उतरताना नुसता बरळतो. हे बघ!" मोबाइलवरच्या व्हिडिओत तिचे स्कूलबसवाले काका लाळ गाळत "आई, मला सोडून जाऊ नकोस गं" म्हणत रडत होते. मागून बाबांचं खिदळणं चाललेलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला. "काकांना माहितेय?" "छे! त्या औषधानं काही आठवतच नाही." "अहो, पुरे," आई पुटपुटली, पण ओठ दाबून तीही हसत होती. लेकीला शिसारी आली. ताट सरकवून ती ठणकावून म्हणाली, "शुक्रवारी माझ्या टॉन्सिलचं ऑपरेशन आहे ना? मला भूल दुसरे डॉक्टर देतील. आणि तुम्ही दोघांनी मोबाइल घरी ठेवून यायचं."