डाव्या काचेवरचा अंगठा

डबीत चार वस्तू होत्या: बाबांचा चष्मा, फडकं, दुकानाची चिठ्ठी आणि एक जादा स्क्रू. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी आई रोज तो चष्मा साबणाच्या पाण्याने धुवायची.

"कुणी घालत नाही, मग मळतो कसा?" लेकीने विचारलं.

"डाव्या काचेवर अंगठा टेकवतात ना हे. जित्याची खोड मेल्यावरसुद्धा जाईना बघ."

"आई, गरजूला देऊन टाकू या."

"आणि ह्यांनी काय चाचपडत बसायचं?"

देण्याआधी नंबर तपासायला लेक गुपचूप चष्मा दुकानात घेऊन गेली. डाव्या काचेवर तिनेच लहानपणी पाडलेला ओरखडा होता; काचा त्याच होत्या. ह्याच काचा घेतल्या तेव्हाच्या, डबीतल्या चिठ्ठीवर नंबर होता मायनस दोन. दुकानदाराने काच यंत्रात दोनदा मोजली.

मायनस अडीच.